उकिरड्यावरचा भाचा

सकाळी सकाळी गोठ्यात भांडण पेटलं ते ताकावरून. सरलाकाकी म्हणाली, आज तुमच्या शाळेला ताक मिळायचं नाही. तिचा नवरा बाळकृष्णतात्या म्हशीखाली धार काढत बसला होता, तो तसाच मागं वळला, आणि म्हशीनं तेवढ्यात बादलीत पाय घातला. झालं! दूध गेलं, म्हशीच्या खानदानाचा उद्धार झाला, आणि ताकाचा विषय राहिला बाजूला.

हा तात्या म्हणजे सांगोल्याकडचा गडी. रेल्वेचे रूळ तपासायच्या नोकरीपायी लखनौला आला, आलमबागच्या क्वार्टरात उमेदीची सारी वर्षं काढली, आणि रिटायर झाल्यावर शहराच्या पार उत्तरेला, जानकीपुरमात प्लॉट घेऊन बसला. ही गोष्ट ब्याण्णव सालची, त्याला तिथं येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हाचं जानकीपुरम म्हणजे कागदावर कॉलनी आणि जमिनीवर गव्हाचं रान. विटांच्या खुणा लावलेले प्लॉट, पलीकडं दसहरी आंब्याच्या बागा, आणि बागांच्या मधी रामदीनचा पुरवा म्हणून एक वस्ती. बाकीच्यांनी प्लॉटवर आधी बंगला बांधला. तात्यानं आधी गोठा बांधला. दोन म्हशी घेतल्या, पुरव्यातलं थोडं रान वाट्यानं केलं, आणि पेन्शनीत जाऊन पुन्हा शेणात हात घातले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काय खोटं नाही.

दुसरी खोड उपदेशाची. रोज दिवस कलला की गोठ्यापुढच्या कडुनिंबाखाली पुरव्याची आणि कॉलनीची पोरं जमायची, आणि तात्या त्यांना आयुष्याची वाट दाखवायचा. तंबाखू खाऊ नका. पुढाऱ्याच्या जीपमागं झेंडे घेऊन पळू नका. कमरेला कट्टा लावून कुणी मोठा होत नाही, फार तर आत जातो. रूळ आणि पोरगं वेळेवर ठोकलं तरच सरळ राहतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पोरं माना हलवायची. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती पोरं नव्हती. उघड उघड पेले घेऊन यायची. जून महिन्यात लखनौला लू सुटते, अंगाची सालटी निघतात, आणि सरलाकाकीचं आलं-मिरचीचं ताक असं असायचं की त्याच्यासाठी माणसानं भागवतसुद्धा ऐकलं असतं.

आता उपदेशानं कुणाचं वाईट होत नाही. एका कानानं ऐकावं, दुसऱ्यानं सोडावं. पण तात्याच्या उपदेशाची गाडी कुठूनही सुटली तरी थांबायची एकाच ठेसनावर. "हमारा विनय को देखो," तो म्हणायचा.

विनय म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, कल्पनाचा मुलगा. बाप सदाशिव जवळच्याच अलीगंजमध्ये बँकेत. पोरगं गुणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, बारावीला सायन्स घेतलेलं. घरात मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीत यायचं. रोज संध्याकाळी सायकलवरून मामाकडं यायचं, आणि तो आला की तात्याला भरतं यायचं. विनय पानाच्या टपरीवर उभा राहत नाही. विनय पहाटे उठतो. विनय परीक्षेत नकल करत नाही. विनय इंजिनेर होणार, तुम्ही म्हशी हाका. पोरगं बिचारं बाजारात दावणीला बांधलेल्या खोंडासारखं मान खाली घालून उभं राहायचं, कुणीही यावं आणि दात मोजावेत.

पोरांनी त्याचं नावच 'दर्शन' ठेवलं. सायकल दिसली की लल्लन ओरडायचा, उठा रे, दर्शन घ्या, आणि सगळी हात जोडून उभी राहायची. हा लल्लन पुरव्यातल्या दूधवाल्याचा, साऱ्या टोळीचा म्होरक्या. विनयच्या चाकातली हवा रोज जायची. त्याच्या डब्यात एकदा बेडूक निघाला. तात्याला वाटायचं, जळतात लेकाचे, आणि जळतात म्हणजे औषध लागू पडतंय.

सरलाकाकीला हे दिसत होतं. ती सांगून थकली होती की लेकराचं तोंडावर कौतुक करू नये, दिष्ट लागते. तात्या हसायचा. त्या दिवशी सकाळी ताकावरून तिनं भांडण काढलं ते याच्यासाठीच. आदल्या संध्याकाळी पोरगं ताक न पिता गेलं होतं, आणि गोठ्यामागं जाऊन ओकलेलं तिनं बघितलं होतं. आज निकाल आहे, आज तुमची सभा नको, त्याला घरात राहू द्या, एवढंच तिचं म्हणणं. पण तात्यानं परातभर पेढे सांगून ठेवले होते आणि पुरव्यात घरोघर आवतण दिलं होतं.

त्या साली सरकारनं नकलेवर कायदा काढला होता. त्याच्या आधी तिकडं परीक्षा म्हणजे जत्रा. पोरगं आत लिहितंय, काका खिडकीला लोंबकळतोय, भाऊ भिंतीवरून चिठ्ठ्या फेकतोय. त्या वर्षी मात्र वर्गावर्गात पोलीस उभे राहिले, आणि चिठ्ठी सापडली की थेट कोठडी. तात्या लई खूश. आता कळेल म्हणाला, कोण किती पाण्यात हाय ते.

कळलं. त्या काळी निकाल पेपरात छापून यायचा, नुसते नंबर. लल्लन पेपर घेऊन आला, कडुनिंबाखाली अंथरला, आणि सगळी त्याच्यावर ओणवी झाली. बारावीला बसलेल्या टोळीतल्या एकाचाही नंबर नव्हता. आधी एक पोरगं हसलं, मग सगळीच हसायला लागली. साऱ्या गावानंच धोतर सोडलं तर लाज कुणी कुणाची धरायची? मग लल्लनचं बोट विनयचा नंबर शोधायला लागलं. तात्यानं तो नंबर त्यांना इतक्या वेळा ऐकवला होता की झोपेतून उठवलं तरी सांगितला असता. बोट वरून खाली गेलं, खालून वर आलं. तात्यानं चष्मा पुसला आणि छापणाऱ्याला शिव्या दिल्या. दुसरा पेपर मागवला. त्यातही नव्हता.

तेवढ्यात सदाशिवाची स्कूटर आली. मागं कल्पना, डोळे सुजलेले.

"दादा, विनय आलाय का इकडे?" सदाशिवानं स्कूटर स्टँडवर न लावताच विचारलं. "पेपर बघितला आणि सायकल घेऊन निघून गेला."

तात्यानं विचारलं, जाताना काय बोलला. सदाशिवानं बायकोकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"एवढंच म्हणाला, मामा को क्या मुँह दिखाऊँगा."

बापाला तोंड दाखवायची भीती नव्हती पोराला, आईला दाखवायची नव्हती. मामाची होती.  पुरव्याच्या कडेला जुनी विहीर होती, सगळ्यांच्याच नजरा तिकडं गेल्या, आणि कुणीच तसं तोंडानं बोललं नाही. कल्पना मात्र इतकी वर्षं बँकवाल्या नवऱ्याजवळ राहून कमावलेली शुद्ध भाषा विसरून, "आगं आई गं, माजं लेकरू," म्हणून तिथंच खाली बसली.

पोरं उठली आणि कुणी न सांगता रानभर पांगली. लू नुसती कानाला चावत होती, पायाखालची ढेकळं भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. अखेर लल्लनच धापा टाकत आला. बागेतल्या ट्यूबवेलच्या खोलीपाशी सायकल पडलीय म्हणाला, आणि आतून कडी लागलीय.

सारा पुरवा तिथं गोळा झाला. आंबे उतरवणारे गडी टोपल्या टाकून आले. कल्पना दाराला तोंड लावून विनवायला लागली, विनू, तू किती हुशार आहेस राजा, पुढच्या वर्षी तू पहिला येशील बघ. सदाशिव म्हणाला, हे छपाईचं चुकलंय, आपण पेपर पुन्हा तपासायला टाकू, तुझ्यासारखा मुलगा फेल होईलच कसा. आतून हूं नाही की चूं नाही. जितकं गोड बोलावं तितकी ती खोली गप्प.

मग तात्या पुढं झाला. चालत्या मालगाडीवरून ऐकू जाणारा आवाज त्याचा. तू वाघ हायस म्हणाला, तू आमच्या कुळाचा दिवा हायस, साऱ्या लखनौत तुझ्यासारखं पोरगं...

"मामा, बस करो," आतून आवाज आला.

 मग विनय बोलला, अगदी हळू, जसा काही भाजीचा भाव सांगतोय.

"शाम को आम का ट्रक कलकत्ता जाएगा. मैं उसी में चला जाऊँगा. वहाँ किसी को नहीं मालूम कि मैं कितना अच्छा लड़का हूँ."

तात्याला वाटलं, छातीत कुणी पहार मारली. दार तोडावं म्हणून तो खांदा पुढं करून निघाला, पण सरलाकाकीनं त्याचा सदरा धरला आणि त्याला बाजूला बांधावर ओढून नेलं.

"तुमाला लहानपनी काय म्हनायचे?"

"ते आता कशाला मधीच?"

"सांगा की."

"उकिरड्या," तात्या पुटपुटला.

खरं होतं ते. तात्याच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तसा आईनं याला उकिरड्यावर टाकला, सुईणीनं उचलला, आणि आईनं पसाभर जोंधळे देऊन तिच्याकडून विकत घेतला. शाळेत नाव घालीपर्यंत त्याला कुणी बाळकृष्ण म्हटलं नाही.

"कुनी पोरगं गोड हाय म्हनलं," सरलाकाकी म्हणाली, "की माजी सासू म्हनायची, कुटलं वं, नकटं हाय, काळं हाय. मरनाला वाटलं ह्यो काय न्यायच्या लायकीचा न्हाई. तसे जगलाय तुमी. आन ह्या लेकराला तुमी देवळाच्या कळसावर बसवलं. त्येला कळसावरनं उतरायला शिडी कुटं हाय? उकिरड्यावर टाका त्येला. तितनं मानसाला चालत घरी येता येतं."

"एवढ्या लोकात? कल्पी काय म्हनंल?"

"कल्पीकडं मी बगते. तुमी तोंड सोडा. एरवी सोडताच की."

 शिव्या तात्याला काही परक्या नव्हत्या; म्हशीला रोज घालायचा. पण त्या भाच्याला घालायच्या म्हणजे जीभ उचलेना. मग ट्यूबवेलच्या हौदाच्या कठड्यावर तो चढला, आणि सुटला.

काय सुटला म्हणता! अर्धं मराठीत, अर्धं आपल्या रेल्वेच्या हिंदीत. म्हणाला, ऐका रे लोकहो, हा माझा भाचा एक नंबरचा ठोंब्या आहे. गावाकडं गेला तेव्हा चरवी घेऊन रेड्याखाली बसला होता धार काढायला. पाल दिसली की आईच्या पदरात शिरतो, अजून. अक्षर बघाल तर कोंबडी शाईत नाचलेली बरी. गेल्या साली कॉलनीतल्या कर्नलच्या बागेतले पेरू गेले, ते यानं खाल्ले आणि मार लल्लननं खाल्ला, आणि हा शहाजोग माझ्याजवळ बसून गीता ऐकत होता. हे तात्याला ठाऊक होतं आणि इतके दिवस त्यानं ते गिळलं होतं.

"नापास झालाय गाढव," तो गरजला, "आन झाला ते झ्याक झालं. आजसे इसका नाव जो अच्छे काम में लेगा, उसको मैं म्हशी के खुंटे को बांधूंगा."

कल्पना लालबुंद झाली. दादा, तोंड आवर, म्हणून पुढं धावली, तर सरलाकाकीनं तिला कमरेला मिठी मारून धरली. पोरांना आधी पर्वणी वाटली. दोन वर्षं ज्याच्यासाठी कान किटले त्याची अशी पूजा बांधलेली बघून त्यांनी टाळ्या पिटल्या. पण तात्या काही थांबेना, आणि ऐकता ऐकता पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. आपण एखाद्याला बदडावं ते वेगळं, म्हाताऱ्यानं बदडावं ते वेगळं. लल्लनला राहवेना.

"साहब, इतना भी गया-गुज़रा नहीं है," तो म्हणाला.

"तू चुप रे. तू उससे भला है. मैं तो कहता हूँ, लल्लन को देखो."

लल्लनचा चेहरा पांढरा पडला. साऱ्या पोरांनी हात जोडून त्याच्याकडं बघितलं, आणि आपल्यावर काय बला येतीय ते त्या गड्याला पुरतं उमगलं.

"अरे नहीं साहब," तो घाईघाईनं म्हणाला. "रसायन के पर्चे में मैं फँसा था तो इसी ने जवाब बताया. सिपाही सिर पर खड़ा था, तब भी बताया."

तात्याचं तोंड उघडंच राहिलं. विनयनं नकल केली? पोलिसासमोर? दोन वर्षं ज्या खांबाला धरून तो भाषणं ठोकत होता, तो खांबच पोकळ निघाला. आता खरोखरच्या शिव्या त्याच्या ओठावर आल्या, आणि तेवढ्यात लल्लन उदास आवाजात म्हणाला,

"और वो भी ग़लत निकला."

 मग आंबे उतरवणारा एक म्हातारा खो खो करून हसला, आणि सारा पुरवा फुटला. त्या हसण्यात दाराच्या आतून नाकातून आल्यासारखा एक आवाज आला. हसू होतं की रडू, कळायला मार्ग नव्हता. बहुधा दोन्ही असावं.

"मुझे ख़ुद कहाँ आता था, यार," विनय आतून म्हणाला.

कडी निघाली. पोरगं बाहेर आलं, तोंडाला मोटारीचं ऑईल, केसात कोळ्याची जाळी. आईनं झडप घालून कुशीत घेतलं.  धावत जावं, पाठीवर हात फिरवावा, शाब्बास माझ्या वाघा म्हणावं, अशी तात्याची जीभ वळवळली. सरलाकाकीनं दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ते चिमट्याचं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

"चल गाढवा," तात्या म्हणाला. "म्हशी धुवायच्यात."

लल्लननं जाता जाता विनयच्या डोक्यात टपली मारली. विनयनं वळून त्याच्या डोक्यात मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती पोरं त्याच्या बरोबरीनं चालली होती. त्या संध्याकाळी सरलाकाकीनं परातभर पेढे नापासांना वाटले आणि ताकही केलं. सदाशिव एकटाच विचारत होता की पेढे कशाबद्दल. कल्पना पेढा न खाता स्कूटरवर बसली, आणि पुढं दिवाळी आली तरी भावाशी एक शब्द बोलली नाही. भाऊबीजेला आली, तोंड मिटून ओवाळलं आणि तशीच गेली. आईचं काळीज ते. चारचौघांत लेकराची अशी लाज काढलेली तिला कशी रुचावी? तात्यानं ते मुकाट्यानं सोसलं.

म्हशी धुताना त्यानं विनयला विचारलं होतं, आता पुढं काय करणार. पोरगं म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत होतं.

"पता नहीं, मामा."

तात्याजवळ ह्या प्रश्नाला निदान पाच उत्तरं तयार होती, त्यातली तीन रेल्वेची. ती त्यानं एकेक करून गिळली. गिळताना अवघड गेलं.

"बरं," तो म्हणाला. "मला बी न्हाई ठावं. बगू."

तेव्हा विनयनं मान वर करून मामाकडं सरळ बघितलं. बापाला त्यानं आठवड्यानं स्वतःच सांगितलं, सायन्स नको, मला झेपत नाही, आर्ट्स घेतो. सदाशिवानं दोन दिवस जेवण टाकलं आणि तिसऱ्या दिवशी फी भरली. लल्लनही पुन्हा बसला, पण त्यानं सायन्स सोडलं नाही; त्या रसायनाचा सूडच घ्यायचा होता त्याला. दोघं गोठ्यातल्या बल्बखाली अभ्यासाला बसायचे आणि भांडायचे. तात्याची सभा काही बंद पडली नाही, खोड ती खोड. पण कुणाकडं बघायला तो आता सांगत नव्हता. सांगायची हुक्की आलीच तर त्याची नजर फिरायला लागे, आणि ज्याच्यावर नजर जाई ते पोरगं पटकन पेला तोंडाला लावून तोंड झाकी.

पुढच्या जूनमध्ये निकाल आला. विनय तिसऱ्या श्रेणीत पास झाला. कुणाला त्याचं विशेष काही वाटलं नाही, आणि त्याचाच त्याला आनंद झाला. पण लल्लन दुसऱ्या श्रेणीत निघाला. रामदीनच्या पुरव्यात, चिठ्ठीशिवाय, स्वतःच्या डोक्यानं बारावी झालेलं ते पहिलं पोर. तात्याला कळलं तेव्हा तो म्हशीला पेंड घालत होता. हातातली पाटी तशीच राहिली. 

तर लल्लन धावत आला तो रडकुंडीला येऊन. पाठोपाठ विनय सायकलवर.

"साहब, बचा लो," लल्लन म्हणाला. "बापू ने शुरू कर दिया है. घर-घर जाकर कह रहे हैं, हमारे लल्लन को देखो."

तात्यानं त्याला नीट न्याहाळलं. पोराच्या सायकलीतली हवा आजच कुणीतरी सोडली होती म्हणे. त्याला मिठी मारावी, डोक्यावर घेऊन सारं जानकीपुरम फिरवावं असं तात्याच्या फार फार मनात होतं. त्यानं पाटी खाली ठेवली आणि पायात वहाणा सरकवल्या.

पुरव्याच्या मधोमध दूधवाल्याचा उकिरडा होता, चांगला पुरुषभर उंच. तात्या त्याच्यावर चढला. खाली बायका-माणसं जमली, लल्लनचा बाप हातात मिठाईचा पुडा घेऊन आ वासून उभा राहिला. तात्यानं पहिली शिवी हासडली, पण ती निम्म्यातच विरली. दुसरीचंही तेच. पहिल्यांदाच आयुष्यात त्याचा आवाज पुढच्या ओळीपर्यंत पोचेना.

"मामा, अजून मोठ्यानं," खालून विनय लल्लनच्या बापाकडं बोट करून चक्क मराठीत ओरडला. "चाचांना ऐकू जात नाहीये."

तात्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, घसा खाकरला, आणि लल्लनच्या जन्मापासून पुन्हा सुरुवात केली.